आलेल्यांचा दिवा आणि जाणाऱ्यांचा दिवा : खांदेरी, कारवार आणि ‘दीपस्तंभ’ या शब्दाचा प्रवास

१

‘दीपस्तंभ’ हा शब्द आज मराठीत समुद्रावर जितका ऐकू येतो त्याहून अधिक सभागृहात ऐकू येतो. गौरवग्रंथांच्या प्रस्तावना, मृत्युलेख, संस्थांचे शतकमहोत्सवी अंक यांत तो हमखास भेटतो. पुण्याच्या व्यासपीठावर तो जसा सहज उच्चारला जातो, तसाच समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या बंगळूरच्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमांतही उच्चारला जातो. त्याचा अर्थ सर्वत्र एकच असतो : अंधारात वाट दाखविणारा, ज्याच्यावर नजर ठेवून चालावे असा थोर पुरुष. हे रूपक इतके रुळले आहे की ते ज्या वास्तूवरून घेतले, तिचे कार्य काय होते हा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही. बेटावरील दिव्याच्या रोखाने जो तांडेल गलबत सरळ हाकारील, त्याचे गलबत खडकावर फुटेल. समुद्रातील खडकावर उभा केलेला दिवा ‘इकडे या’ असे सांगत नाही. ‘येथे मी आहे, तेव्हा येथून दूर राहा आणि आपला मार्ग आपण ठरवा’ असे तो सांगतो.

वास्तूचा अर्थ आणि शब्दाचा अर्थ असे परस्परविरुद्ध दिशांना का गेले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी पश्चिम किनाऱ्यावरील दोन बेटांचा विचार येथे केला आहे. पहिले रायगड जिल्ह्यातील थळ गावासमोरचे खांदेरी आणि दुसरे कारवारसमोरचे देवगड, ज्याला दर्यावर्दी इंग्रजीत ऑयस्टर रॉक म्हणत आले. (हे देवगड सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगडाहून वेगळे आहे.) या दोन्ही बेटांवरील दिवे १८६० च्या दशकात, एकाच मुंबई इलाख्याच्या कारभारात उभे राहिले. आज एक बेट महाराष्ट्रात आहे आणि दुसरे कर्नाटकात. दोन्ही ठिकाणी, समुद्र शांत असलेल्या महिन्यांत आणि आवश्यक ती परवानगी मिळाल्यास, सकाळी होडीने जाऊन संध्याकाळी परत येता येते. अशा एका दिवसाच्या सहलीत प्रवाशाच्या हाती नेमके काय लागते आणि काय निसटते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला वाटतो तितका परका नाही.

२

प्रथम शब्दांचा विचार करू. या वास्तूसाठी मराठीत किमान चार शब्द वापरात आहेत. सरकारी फलकांवर आणि स्थलवर्णनांत ‘दीपगृह’ आढळते. ग्रांथिक आणि लाक्षणिक भाषेत ‘दीपस्तंभ’ येतो. किनाऱ्यावरच्या बोलण्यात नुसती ‘बत्ती’ असते. ‘दिवादांडी’ हा शब्द मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषांना सामाईक आहे. यांपैकी ‘बत्ती’ आणि ‘दिवादांडी’ हे शब्द वस्तूला चिकटून राहिले. एखाद्या थोर व्यक्तीला कोणी ‘समाजाची बत्ती’ किंवा ‘विचारांची दिवादांडी’ म्हटल्याचे सहसा ऐकिवात येत नाही. लाक्षणिक अर्थाची उंची लाभली ती ‘दीपस्तंभ’ या संस्कृत समासालाच.

याचे कारण केवळ संस्कृत शब्दाची प्रतिष्ठा एवढेच नसावे. मराठी आणि कन्नड भाषकांच्या डोळ्यांसमोर दीपस्तंभ ही वास्तू समुद्रावरील मनोऱ्याच्या कितीतरी आधीपासून होती, आणि ती देवळाच्या प्रांगणात होती. देशावरील मंदिरांपुढच्या दगडी दीपमाळा, जेजुरीच्या वाटेवरील दीपमाळांची रांग, गोव्यातील मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ, कर्नाटकातील देवालयांसमोरचे दीपस्तंभ ही सर्व एकाच कुळातील रूपे होत. त्रिपुरी पौर्णिमेला किंवा उत्सवाच्या रात्री या दीपमाळा उजळतात. तो प्रकाश देवळापर्यंत पोचलेल्यांसाठी किंवा देवळाकडे येणाऱ्यांसाठी असतो. त्याचा अर्थ आमंत्रणाचा आहे : आलात, आता पुढे या, दर्शन घ्या.

मल्याळम भाषेत याला समांतर उदाहरण सापडते. केरळच्या मंदिरांत गाभाऱ्याच्या परिसराभोवती पणत्यांच्या ओळींनी मढविलेली जी भिंत असते, तिला ‘विळक्कुमाडम’ म्हणतात, आणि समुद्रावरील दीपगृहालाही ‘विळक्कुमाडम’ हाच शब्द आहे. म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरील किमान तीन भाषांनी समुद्रावरील मनोऱ्याला देवळाच्या दिव्याचे नाव दिले. पूर्वेकडे चित्र निराळे दिसते. बंगालीतील ‘बातिघर’ हा शब्द साध्या वस्तुवर्णनाचा आहे : बत्तीचे घर. तमिळमधील ‘कलंगरै विळक्कम’ ही संज्ञा सर्वांत जुनी असून तिचा उल्लेख ‘शिलप्पदिकारम’मध्ये येतो. ‘कलम’ म्हणजे जहाज आणि ‘करैदल’ म्हणजे साद घालणे, तेव्हा जहाजांना साद घालणारा दिवा असा तिचा अर्थ लावला जातो.

तमिळ शब्दातील साद खरीच होती. तो बंदराचा दिवा होता आणि परदेशी व्यापारावर जगणाऱ्या बंदराला जहाजांना बोलवायचेच होते. यावरून एक भेद स्पष्ट होतो. बंदराच्या मुखाशी लावलेला दिवा बोलावतो, तर खडकावरचा दिवा दूर ठेवतो. एकोणिसाव्या शतकातील बेटांवरचे दिवे मुख्यतः दुसऱ्या प्रकारचे. त्यांच्यामुळे बंदर जवळ आल्याची खूण पटते, परंतु ते स्वतःपाशी कोणाला बोलावीत नाहीत. मराठीने या दुसऱ्या प्रकारच्या दिव्याला देवळाचा शब्द दिला आणि शब्दाबरोबर देवळाची दिशाही आली. पुढील सर्व लाक्षणिक वापर या उसन्या दिशेवर उभा आहे.

३

आता खांदेरीकडे वळू. थळच्या किनाऱ्यापासून सुमारे चार ते पाच किलोमीटर आत समुद्रात हे बेट आहे. त्याच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये उंदेरी हे लहान बेट. इंग्रजांच्या कागदपत्रांत ही जोडी ‘हेनरी-केनरी’ अशी येते. मुंबई बंदराच्या दक्षिणेकडील तोंडावर असलेल्या या बेटावर ज्याचा पहारा, त्याला मुंबईत येणारे-जाणारे प्रत्येक जहाज दिसणार, हे शिवाजी महाराजांनी ओळखले होते. १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मायनाक भंडारी याच्या हाताखाली बेटावर तटबंदीचे काम सुरू झाले. मुंबईच्या इंग्रजांनी बेट आपले असल्याचा दावा केला आणि काम थांबविण्यासाठी जहाजे पाठविली. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखानाच्या नेतृत्वाखालील मराठी आरमाराशी त्यांची लढाई झाली. लढाई आणि नाकेबंदी चालू असतानाही लहान होड्यांतून रात्री दगड, माणसे आणि रसद बेटावर पोचत राहिली. १६८० च्या आरंभी इंग्रजांनी हा प्रयत्न सोडून दिला. त्याच सुमारास जंजिऱ्याच्या सिद्दी कासमने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडले आणि दोन बेटे एकमेकांवर तोफा रोखून उभी राहिली. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या काळात, १७१८ मध्ये, मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने खांदेरीवर चढाई केली. तीही फसली.

या इतिहासातील दोन गोष्टी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, खांदेरीचे महत्त्व पाहण्याच्या अधिकारात होते. बेटावरून समुद्र दिसावा, पण बेटावर काय चालले आहे ते समुद्रावरून दिसू नये, ही दुर्गाची गरज असते. १६७९ मध्ये या बेटाचे काम अंधाराच्या आश्रयाने पुरे झाले. दुसरी गोष्ट साधनांची. या संग्रामाचा दिवसागणिक तपशील आपल्याला मिळतो तो प्रामुख्याने इंग्रज वखारीच्या पत्रव्यवहारातून. मराठीतील सभासद बखर (१६९७) आरमाराची आणि जलदुर्गांची नोंद घेते. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ तर आरमाराचा स्वतंत्र राज्यांग म्हणून विचार करते आणि जहाजबांधणीसाठी लाकूड कसे तोडावे, रयतेच्या झाडांना धक्का कसा लावू नये येथपर्यंत जाते. समुद्राकडे राज्यकर्त्याच्या नजरेने पाहणारे गद्य सतराव्या आणि अठराव्या शतकांतील मराठीत होते, ही लक्षात ठेवण्याजोगी बाब आहे.

पेशवाईनंतर बेट इंग्रजांकडे गेले. ज्या बेटाने त्यांच्या जहाजांवर नजर ठेवली होती, त्याच बेटावर १८६७ मध्ये त्यांनी दीपगृह उभारले. या काळाची पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी लागते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) मुंबईचा कापूस एकाएकी सोन्याच्या मोलाचा झाला होता. युद्ध संपताच तो बाजार कोसळला, पण बंदर वाढून बसले होते. १८६९ मध्ये सुवेझ कालवा खुला झाला आणि मोठ्या वाफेच्या जहाजांची ये-जा आणखी वाढली. कुलाब्याच्या टोकाला अठराव्या शतकाच्या अखेरीपासून दिवा होताच. १८७५ मध्ये त्याच्या पुढच्या खडकावर प्राँग्सचा दिवा आला आणि १८८४ मध्ये बंदरातील सन्क रॉकचा. खांदेरीचा दिवा हा या साखळीचा दक्षिणेकडील दुवा.

जेथे अंधार ही शक्ती होती, तेथे प्रकाश ही सत्ता झाली, असे या बदलाचे वर्णन करण्याचा मोह होतो. परंतु ते अपुरे ठरेल. दीपगृहाचा प्रकाश कर भरणाऱ्या आगबोटीला दिसे, तसाच तो थळच्या कोळ्याच्या होडीलाही दिसे. दिव्याची उभारणी साम्राज्याच्या व्यापारासाठी झाली, त्याचा उपयोग मात्र समुद्रावरील सर्वांना झाला. वसाहतकालीन वास्तूंमध्ये ही द्व्यर्थता अनेक ठिकाणी आढळते. बेटांवरील दिव्यांत ती विशेष स्वच्छ दिसते, कारण प्रकाशाला गिऱ्हाईक निवडता येत नाही.

४

येथे दिव्याची भाषा समजून घेणे आवश्यक आहे. साहित्याच्या अभ्यासकाच्या परिचयाचे काही त्यात आहे.

फ्रेंच अभियंता ओग्युस्तँ फ्रेनेल याने सुचविलेले भिंग १८२३ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरील कोर्दुआँच्या दीपगृहात प्रथम बसविले गेले. काचेच्या लोलकांची वर्तुळे एकाभोवती एक रचून मधल्या लहानशा ज्योतीचा चहूकडे विखुरणारा प्रकाश आडव्या पट्ट्यात किंवा झोतात आणण्याची ही रचना होती. झोत फिरता ठेवायचा तर भिंगाचा सारा सांगाडा फिरवावा लागे. त्यासाठी घड्याळासारखे यंत्र असे. मनोऱ्याच्या पोकळीत लोंबणारे वजन हळूहळू खाली येई आणि त्याच्या ओढीने भिंग फिरे. वजन तळाशी पोचले की रखवालदाराने ते पुन्हा किल्ली फिरवून वर न्यायचे, हे काम रात्रभर चाले. पुढे तेलाच्या वातीची जागा रॉकेलच्या वाफेवर चालणाऱ्या दिव्याने घेतली आणि नंतर वीज आली.

झोत फिरता ठेवण्याचे कारण असे की, प्रत्येक दिव्याला स्वतःची ओळख असावी लागते. एखादा दिवा अमुक सेकंदांनी एकदा चमकतो, दुसरा लागोपाठ दोनदा चमकून थांबतो, तिसरा स्थिर असतो. शेजारच्या दोन दिव्यांची लय सारखी झाली तर खलाशाला आपण कोठे आहोत हे कळणार नाही आणि दोन्ही दिवे निरुपयोगी ठरतील. म्हणजे दिव्याचा अर्थ त्याच्या तेजात नसून शेजारच्या दिव्यापासूनच्या भेदात आहे. चिन्हाचा अर्थ इतर चिन्हांशी असलेल्या भेदातून सिद्ध होतो हे सोस्यूरचे प्रतिपादन भाषाविज्ञानात विसाव्या शतकाच्या आरंभी आले. किनाऱ्यावरच्या अभियंत्यांनी ते व्यवहारात आधीच राबविले होते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, एका दिव्यावरून स्थान निश्चित होत नाही. एकच दिवा दिसत असेल, तर आपण त्याच्यापासून जाणाऱ्या एका रेषेवर कोठेतरी आहोत एवढेच होकायंत्राने कळते. दुसरा दिवा दिसला, त्याचीही दिशा घेतली आणि नकाशावर दोन रेषा काढल्या, की जेथे त्या छेदतात ते आपले ठिकाण. थोर पुरुषाला ‘दीपस्तंभ’ म्हणणाऱ्या मराठी रूपकात दिवा नेहमी एकटा असतो, अढळ आणि एकमेव. समुद्रावर एकमेव दिवा हा अपुरा दिवा होय.

५

खांदेरीहून कारवारकडे वळण्याचे कारण केवळ भौगोलिक नाही. दर्यावर्दींसाठी तयार होणाऱ्या दिव्यांच्या सूची किनाऱ्याच्या क्रमाने चालतात. त्यांत प्रांत आणि भाषा यांच्या सीमा गौण असतात. खांदेरी, मग वेंगुर्ल्याचे खडक, मग गोवा, मग कारवार, अशी ती सलग संहिता असते. किनाऱ्याचा साहित्येतिहास लिहिताना असा क्रम आपण क्वचितच पाळतो.

उत्तर कानडा जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला. धारवाड भागातील कापूस घाटाने उतरवून कारवार बंदरातून निर्यात करावा, ही त्यामागील प्रमुख आकांक्षा होती. बंदराच्या तोंडाशी, देवगड बेटावर, दगडी दीपगृह झाले ते याच हालचालीतून. पण कारवारला अपेक्षित असलेला लोहमार्ग आला नाही. १८८० च्या दशकात मार्मागोवा बंदराला जोडणारा लोहमार्ग झाला आणि घाटावरचा माल तिकडे वळला. बंदराची भरभराट ओसरली, दिवा मात्र राहिला. ज्या जहाजांसाठी तो लावला ती फारशी आलीच नाहीत, तरी तो दर रात्री लागत होता.

बंदर ओसरत असतानाच साहित्याच्या इतिहासात कारवारचे नाव नोंदले गेले. भारतीय सनदी सेवेतील पहिले भारतीय सत्येंद्रनाथ ठाकूर मुंबई इलाख्यात नोकरीला होते आणि काही काळ कारवारला जिल्हा न्यायाधीश होते. मराठी त्यांनी आत्मसात केली होती आणि तुकारामांचे अभंग बंगालीत नेले होते. १८८३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू रवींद्रनाथ त्यांच्याकडे येऊन राहिले. ‘प्रकृतिर प्रतिशोध’ हे पद्यनाट्य (१८८४) त्यांनी येथे लिहिले. ‘जीवनस्मृती’त (१९१२) त्यांनी कारवारच्या किनाऱ्याची आणि एका चांदण्या रात्री होडीने काळी नदीतून वर जाऊन डोंगरी किल्ल्यापर्यंत केलेल्या सहलीची आठवण सांगितली आहे. तो किल्ला त्यांनी शिवाजीशी जोडला. एका बंगाली कवीने, मराठी जाणणाऱ्या भावाच्या घरी राहून, कोकणी आणि कन्नड बोलणाऱ्या गावात केलेली ही लहानशी जलयात्रा आधुनिक भारतीय साहित्याच्या कोणत्याही एकभाषिक इतिहासात पूर्णपणे मावत नाही.

बहुभाषिकतेची ही परंपरा घाटावरही जुनी आहे. १६३८ नंतर शहाजीराजांचे ठाणे बंगळूरला होते. त्यांच्या दरबाराचे वर्णन करणारा जयराम पिंडे याचा ‘राधामाधवविलासचंपू’ हा ग्रंथ वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. अनेक भाषांतील कवी आणि रचना एका दरबारात एकत्र आलेल्या त्यात दिसतात. शहाजीराजांचे बंगळूर आणि त्यांच्या पुत्राचे खांदेरी यांत केवळ एका पिढीचे अंतर आहे. देशावरील घराणे समुद्राकडे वळले ते या पिढीत. १६६५ मध्ये बसरूरच्या स्वारीहून परतताना शिवाजी महाराज कारवारला आले होते, आणि तेथील इंग्रज वखारीला खंडणीतील आपला वाटा द्यावा लागला होता.

कारवारच्या दक्षिणेला, प्रशासकीयदृष्ट्या गोव्यात मोडणारे अंजदीव बेट आहे. त्याचा इतिहास मुंबईच्या इतिहासाचा पहिला, काहीसा विसरलेला अध्याय आहे. दुसऱ्या चार्ल्सला विवाहात मिळालेले मुंबई बेट ताब्यात घेण्यासाठी १६६२ मध्ये आलेल्या इंग्रज सैन्याला पोर्तुगीजांनी उतरू दिले नाही. सर अब्राहम शिपमन याच्या हाताखालील सुमारे ४०० माणसे अंजदीववर जाऊन थांबली. रोगराईने त्यांतील बहुतेक तेथेच मेली, शिपमनही मेला. १६६५ मध्ये हंफ्री कुक याने मुंबईचा ताबा घेतला तेव्हा १०० च्या आसपास माणसे उरली होती. आज अंजदीव नौदलाच्या क्षेत्रात असून सामान्य प्रवाशाला बंद आहे. कारवारच्या होडीतून ते दुरूनच पाहावे लागते. त्याच होडीतून पुढे कूर्मगड लागतो, जेथे पौषात नरसिंहाच्या जत्रेला होड्या भरून लोक जातात, आणि मग देवगडची बत्ती. बंदी असलेले बेट, देवाचे बेट आणि दिव्याचे बेट अशी तीन बेटे एका दिवसाच्या प्रवासात दिसतात.

६

मराठी रूपकातील दीपस्तंभाला आणखी एक उणीव आहे. त्यात दिवा लावणारा माणूस नाही. युरोपीय साहित्यातील दोन संहितांशी तुलना केल्यास ही उणीव अधिक स्पष्ट होते.

हेन्रिक सेन्कीविच याच्या ‘लातार्निक’ (१८८१) या पोलिश कथेत स्काविन्स्की हा वृद्ध निर्वासित पनामाच्या किनाऱ्यावरील दीपगृहाचा रखवालदार होतो. आयुष्यभर भटकल्यानंतर त्याला येथे शांती मिळते. एके दिवशी पोलिश पुस्तकांचे पार्सल येते, त्यात मित्सकेविचचे काव्य असते. वर्षानुवर्षे न ऐकलेल्या मातृभाषेच्या ओळींत तो इतका बुडून जातो की त्या रात्री दिवा लावायचे राहते. एक होडी वाळूत रुतते आणि त्याची नोकरी जाते. दिव्याची सार्वत्रिक भाषा आणि माणसाची स्वतःची भाषा यांतील ताण याहून नेमकेपणाने क्वचितच मांडला गेला असेल. परप्रांतात राहून मराठीत लिहिणाऱ्याला या कथेचे मर्म सहज कळावे.

दुसरी संहिता व्हर्जिनिया वुल्फची ‘टु द लाइटहाउस’ ही कादंबरी. ती १९२७ मध्ये प्रसिद्ध झाली. भारतात दीपगृहांविषयीचा कायदाही त्याच वर्षीचा, हा योगायोग. कादंबरीचा आरंभच बेटावरील दिव्याच्या एका दिवसाच्या सहलीच्या बेताने होतो. हवा बरी असेल तर उद्या जाऊ, असे आई मुलाला सांगते. हवा बरी नसणार, असे वडील म्हणतात. सहल घडते ती दहा वर्षांनी, आई गेल्यानंतर. सहलीचे प्रयोजन केवळ पाहणे हे नव्हते. रखवालदाराच्या आजारी मुलासाठी आई पायमोजे विणीत होती, सोबत मासिके आणि तंबाखू न्यायची होती. शेवटी मुलगा जेव्हा बेटाजवळ पोचतो तेव्हा त्याला मनोऱ्याच्या खिडक्या दिसतात, खडकांवर वाळत घातलेले कपडे दिसतात. लहानपणी दुरून पाहिलेला धूसर, लुकलुकता डोळा खरा, आणि हा वाळत घातलेल्या कपड्यांचा मनोराही खरा, असे त्याच्या लक्षात येते.

वाळत घातलेले हे कपडे मराठी रूपकात कोठेच नाहीत. मराठी कवितेतील समुद्राचे उत्तुंग क्षण आव्हानाचे किंवा विरहाचे आहेत. सावरकरांचे ‘सागरास’ (१९०९) हे परतीची ओढ असलेल्या निर्वासिताचे गाणे आहे. कुसुमाग्रजांचे ‘कोलंबसाचे गर्वगीत’ हे समुद्राला ललकारणाऱ्या प्रवाशाचे. दोन्हीही जाणाऱ्याच्या बाजूने लिहिलेली आहेत. खडकावर राहून जाणाऱ्यांची काळजी वाहणाऱ्याचा आवाज या ओळीत यायचा आहे. पावसाळ्यात हे राहणे काय असे, याची कल्पना किनाऱ्यावरच्या कोणालाही करता येईल. आषाढ-श्रावणात समुद्र होड्यांना बंद होतो, नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्यावर मासेमारी पुन्हा सुरू होते. मधल्या काळात किनारा आणि बेट यांच्यातील ये-जा समुद्राच्या मर्जीवर असे. ज्या दिवसांत दिव्याची गरज सर्वाधिक, त्याच दिवसांत दिव्यापर्यंत पोचणे सर्वांत अवघड.

७

आज खांदेरीच्या धक्क्यावर उतरणाऱ्या प्रवाशाला एकाच बेटावर इतिहासाचे निरनिराळे थर भेटतात. कोळी समाजाचे श्रद्धास्थान असलेला वेताळ, झिजूनही उभा असलेला तट आणि त्यावरच्या तोफा, एका पिराची मजार, धातूसारखा नाद देणारा खडक, आणि या सर्वांवर उभे असलेले, आता कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाणारे दीपगृह. ज्यांच्या आरमाराने इंग्रज जहाजांना धाकात ठेवले त्यांचे नाव इंग्रजांनी बांधलेल्या दिव्याला देणे यात केवळ नामांतर नाही. दोन विरोधी थरांना एका शब्दात जोडण्याचा तो प्रयत्न आहे.

जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ दुर्गांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला आणि त्यांत खांदेरी आहे. त्याआधी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, देशातील ७५ दीपगृहांवरील पर्यटन सुविधांचे लोकार्पण झाले होते. दरम्यान १९२७ चा कायदा रद्द होऊन २०२१ मध्ये नवा कायदा आला. त्याच्या शीर्षकात ‘दीपगृह’ हा शब्द उरलेला नाही, तेथे सागरी नौकानयनाची साधने अशा आशयाची व्यापक संज्ञा आली आहे. उपग्रहांच्या काळात हे स्वाभाविक आहे. ज्या क्षणी दीपगृह कायद्याच्या शीर्षकातून मागे सरकते, त्याच क्षणी ते प्रवाशांसाठी पुढे येते. जाणाऱ्यांचा दिवा आता आलेल्यांचा होऊ लागला आहे. दीपमाळेची जी दिशा मराठी शब्दाने त्याच्यावर लादली होती, ती आता प्रत्यक्षात उतरत आहे.

यात गैर काही नाही, परंतु एक धोका आहे. वारशाच्या फलकावर ज्यांची कागदपत्रे आहेत त्यांचा इतिहास लिहिला जातो. १६७९ च्या संग्रामाला वखारीची पत्रे आहेत, १८६७ च्या बांधकामाला सरकारी दप्तर आहे. बेटांभोवतीच्या खडकांना, प्रवाहांना आणि वाऱ्यांना कोळ्यांनी दिलेली नावे, दिव्याआधी रात्री घर गाठण्याच्या त्यांच्या खुणा, आणि रखवालदारांच्या नोंदवह्यांतील रोजचे हवामान, तेल, जाणारी जहाजे, आजार यांचा वृत्तान्त हा तिसरा थर अद्याप वाचला जायचा आहे. तो थर मराठीत, कोकणीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत विखुरलेला आहे. खांदेरी केवळ मराठी इतिहासाने वाचली किंवा कारवार केवळ कन्नड राज्याच्या नकाशात पाहिले, तर दिशा एकच मिळते, ठिकाण मिळत नाही. स्थाननिश्चितीसाठी दुसरा दिवा लागतो, आणि तो बहुधा शेजारच्या भाषेत लागलेला असतो.

साहित्याच्या अभ्यासकांपुढील काम यातून स्पष्ट होते. दिव्यांच्या सूची, रखवालदारांच्या नोंदी आणि कोळ्यांची स्थलनामे या तीन साधनांचे संकलन आणि शेजारच्या भाषांतील साधनांशी त्यांचे वाचन झाले, तर ‘दीपस्तंभ’ या शब्दाच्या वाट्याला आलेला एकाकी, माणूसविरहित अर्थ कदाचित बदलेल. तूर्त एवढे म्हणता येईल की, एखाद्याचा गौरव करताना आपण त्याला दीपस्तंभ म्हणतो तेव्हा त्याच्याकडे येण्याचे आमंत्रण गृहीत धरतो. खांदेरीचा दिवा असे आमंत्रण देत नाही. तो आपले ठिकाण सांगतो आणि मार्ग ठरविण्याचे काम गलबतावर सोपवितो.